दुखणे एकट्याचे, उपाय समूहाचा
(सुवर्णमहोत्सवानिमित्त घुग्घुस येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीविषयी बोलण्याचा अधिकार माझ्याहून ज्येष्ठ मंडळींचा आहे. मला सोपविलेला विषय साधा आणि घरोघरचा आहे : जुनाट दुखणे. कंबर, गुडघे, मान, खांदे. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते. घुग्घुसला तिचा परिचय करून देण्याची गरज नाही. कोळसा खाणीत डंपर चालविणाऱ्याची कंबर हादऱ्यांनी धरते, तर आपल्या व्यापारी बांधवाची गादीवर दहा-बारा तास मांडी घालून बसल्याने.

आपल्यातील एक ज्येष्ठ भगिनी मला म्हणाल्या, "गुडघ्यांनी माझे स्थानक सोडविले." सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे त्यांना जमिनीवर बसवेना आणि सर्वांसमोर खुर्चीवर बसणे त्यांना अविनय वाटे. म्हणून त्या येईनाशा झाल्या. स्थानक सुटले, मग शेजारणींकडे जाणे सुटले, मग बाजार. गुडघ्याचे दुखणे होते तेवढेच राहिले, पण त्यांचे जग मात्र दोन खोल्यांपुरते उरले. आजच्या माझ्या बोलण्याचे कारण त्या भगिनी आहेत.

आपल्या जिल्ह्यातच वरोऱ्याला आनंदवन आहे. बाबा आमटे यांना मणक्याचा इतका असाध्य विकार होता की, त्यांना बसता येत नसे. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे व्हायचे. अशा अवस्थेत, वयाच्या सत्तरीनंतर, डिसेंबर १९८५ मध्ये ते कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रेला निघाले. प्रवास वाहनात आडवे पडून होई. बाबांसारखे धैर्य तुम्ही-आम्ही आणावे कोठून, हा प्रश्न रास्त आहे. परंतु त्यांच्या सोबत तरुणांचा मेळा होता, ही गोष्ट आपण विसरतो. वेदना एकट्यानेच सोसावी लागते, हे खरे. तिच्यासह जगणे मात्र एकट्याने शिकता येत नाही.

पुण्याजवळच्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये घरोघर पाहणी सुरू केली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शंभरातील अठरांना, सांधे-स्नायूंची तक्रार होती. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनेही खेड्यांतील कंबरदुखीचा अभ्यास केला आहे आणि मुंबईचे मणक्याचे शल्यचिकित्सक डॉ. शेखर भोजराज यांच्या पथकाने तेथे सेवा दिली आहे. शस्त्रक्रियेची खरी गरज मात्र अगदी थोड्यांना असते. उरलेल्यांनी काय करायचे?

उरलेले आजवर तीन गोष्टी करीत आले : गोळी घेणे, पट्टा बांधणे आणि पडून राहणे. तिन्हींनी तात्पुरते बरे वाटते आणि तिसरीने सर्वाधिक हानी होते. स्नायू दुर्बळ होतात, सांध्यांवर भार वाढतो, हालचाल केली की अधिक दुखते आणि माणूस अधिकच पडून राहतो. दीर्घकाळ टिकलेल्या वेदनेत मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील होत जाते. दुकानात चोरासाठी बसविलेली घंटा मांजर गेले तरी वाजू लागावी, तसा हा प्रकार. घंटा वाजते हे खरे असते. प्रत्येक वेळी चोर आलेला असतोच असे नाही. एक्स-रे पाहून "गॅप आली आहे" असे कोणी सांगितले की आपण धसका घेतो. परंतु पन्नाशीनंतर ज्यांना कसलेही दुखणे नाही अशा अनेकांच्या मणक्यांतही झीज दिसते. एवढे समजले तरी वाकण्याची भीती कमी होते.

येथे एका नाजूक मुद्द्याला स्पर्श करतो. "असातावेदनीय कर्माचा उदय आहे, भोगलाच पाहिजे," असे आपल्याकडे म्हटले जाते. मी शास्त्राचा अभ्यासक नाही. चुकत असेन तर पूज्य साधू-साध्वीजींनी दुरुस्त करावे. पण समता ठेवणे निराळे आणि प्रयत्न सोडणे निराळे. कायक्लेश हे तप स्वेच्छेने, विवेकाने स्वीकारलेले असते. गुडघ्याने लादलेली कैद म्हणजे कायक्लेश नव्हे. उलट आभ्यंतर तपाच्या सहा भेदांत स्वाध्याय आहे, वैयावृत्त्य आहे आणि कायोत्सर्गही तेथेच येतो. जाणून घेणे, एकमेकांची सेवा करणे आणि देहाकडे न घाबरता पाहणे. मी आज जे सुचविणार आहे ते याहून फार वेगळे नाही.

१९६९ मध्ये स्वीडनमधील मारियान फॉर्सेल या फिजिओथेरपिस्ट भगिनीने कंबरदुखीच्या रुग्णांसाठी शाळा काढली. त्यानंतर अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग यांनी संधिवाताच्या रुग्णांसाठी सहा आठवड्यांचा वर्ग आखला. त्याचे वैशिष्ट्य असे की, शिकविणारे डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण घेतलेले सामान्य नागरिक होते आणि त्यांतील अनेक स्वतः संधिवाताचे रुग्ण होते. १९९३ मध्ये चार वर्षांनंतरचा हिशेब प्रसिद्ध झाला : वेदना सरासरी वीस टक्क्यांनी आणि डॉक्टरांकडील फेऱ्या चाळीस टक्क्यांनी घटल्या होत्या. वीस टक्के हा आकडा लहान वाटेल, आणि तो लहानच आहे. दुखणे नाहीसे होईल असे आश्वासन मी देणार नाही. परंतु लॉरिगबाईंना त्याहून विलक्षण गोष्ट आढळली. कोणी किती व्यायाम केला यावरून कोणाला किती बरे वाटले याचा पुरेसा उलगडा होईना. "मला हे जमते" हा विश्वास ज्यांच्यात वाढला, त्यांना अधिक लाभ झाला होता. हा विश्वास औषधाच्या दुकानात मिळत नाही. आपल्याच वयाची, आपल्याइतकीच दुखणारी शेजारीण खुर्चीवरून दहा वेळा उठली, हे पाहून तो येतो.

इंग्लंडमध्ये प्रा. मायकेल हर्ली यांनी गुडघेदुखीसाठी असाच वर्ग आखला : आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, एकूण बारा तास. प्रत्येक वेळी सुमारे वीस मिनिटे चर्चा आणि चाळीस मिनिटे व्यायाम. ४१८ जणांवरील त्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकेकट्याला शिकविले काय आणि गटात शिकविले काय, गुण सारखाच आला. गटाचा खर्च मात्र कमी. आपल्याकडे ही कल्पना परकी नाही. नागपुरात जनार्दनस्वामींचे योगाभ्यासी मंडळ कित्येक दशके विनामूल्य सामूहिक वर्ग चालवीत आले आहे.

आता थोडे स्पष्ट बोलतो. सुवर्णमहोत्सवी निधीतून कंबर ताणण्याचे ट्रॅक्शन यंत्र घ्यावे, अशी सूचना पुढे आल्याचे समजले. सूचनेमागील करुणा मी जाणतो, दात्यांबद्दल मला आदर आहे. तथापि जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत शिक्षण व व्यायाम यांची शिफारस आहे. ट्रॅक्शन आणि कंबरेचे पट्टे नियमितपणे देऊ नयेत असे म्हटले आहे. यंत्रावर नावाची पाटी लागते, वर्गावर लागत नाही, ही अडचण मला कळते. तरीही माझी विनंती आहे की, निधी वर्गासाठी ठेवावा.

गोळ्यांविषयी एक सावधगिरी. पर्युषणात उपवास वा अठ्ठाई चालू असताना वेदनाशामक गोळी उपाशीपोटी घेऊ नये. जठरात रक्तस्राव होऊ शकतो. आणि शरीरात पाणी कमी असताना, विशेषतः आपल्या उन्हाळ्यात चौविहार पाळणाऱ्यांच्या, मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. तपापूर्वी डॉक्टरांना विचारावे. जाता जाता सांगतो, गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडे मेली आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. जीवदयेच्या दृष्टीनेही ते औषध निरुपद्रवी नाही.

प्रत्येक दुखणे वर्गात आणण्याजोगे नसते. ताप, अकारण वजन घटणे, रात्री झोपेतून उठविणारी वेदना, पायातील शक्ती जाणे, लघवीवरील ताबा सुटणे, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यानंतरचे दुखणे : यांत आधी डॉक्टर. आपल्याकडे मणक्याचा क्षयही आढळतो. सकाळी बोटे तासभर आखडत असतील, सुजत असतील, तर आमवाताची तपासणी हवी. जिल्ह्याच्या काही भागांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड अधिक असते आणि त्यानेही सांधे-हाडे आखडतात. घरात अनेकांना तशी तक्रार असेल तर पाणी तपासून घ्यावे.

वर्गाला लागते काय? संस्थेचे सभागृह, सतरंज्या, एक पायरी आणि पंधरा खुर्च्या. पहिल्या दिवशी व्यायाम थोडाच. प्रत्येकाने दुखण्यामुळे आपले काय सुटले ते सांगायचे आणि सहा आठवड्यांत त्यांतील एक गोष्ट परत मिळविण्याचे ठरवायचे. नंतर खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, टाचा उचलणे, पायरी चढणे-उतरणे, पाठीवर झोपून कंबर उचलणे. आज पाच वेळा, पुढच्या आठवड्यात आठ वेळा. व्यायामानंतर थोडे दुखले तर घाबरू नये; दुसऱ्या दिवशीपर्यंत ते पूर्ववत झाले पाहिजे, न झाल्यास संख्या घटवावी. बरे वाटले त्या दिवशी सारे घर आवरायचे आणि पुढचे तीन दिवस झोपायचे, ही आपल्या भगिनींची रीत मोडावी लागेल. पहिल्या तुकडीला फिजिओथेरपिस्टने शिकवावे, त्याच तुकडीतील दोन भगिनी व दोन बंधूंनी तयार होऊन पुढच्या तुकडीला शिकवावे. सहा आठवड्यांनंतर सराव सोडला की लाभही ओसरतो, म्हणून नंतरही आठवड्यातून एकदा भेटावे.

वेळ नवकारसीनंतरची ठेवावी, म्हणजे कोणी पाण्याविना व्यायाम करणार नाही. दार घुग्घुसच्या सर्व समाजांना उघडे असावे. खाण कामगाराची कंबर आपल्या कंबरेहून वेगळी नाही. खुर्च्या बिनहाताच्या आणि भक्कम घ्याव्यात, प्लास्टिकच्या फरशीवर घसरतात. त्यांतील चार खुर्च्या वर्ग संपल्यावर उचलून ठेवू नयेत. त्या सामायिकाच्या जागी, पहिल्या ओळीत मांडून ठेवाव्यात. त्या भगिनींना निरोप मी स्वतः देईन.

जय जिनेंद्र.