केर काढण्याआधी

(वेळापूर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

गुरांचा डॉक्टर व्याख्यानाला येणार म्हटल्यावर तो गाई-म्हशींवर बोलेल, असं तुम्हाला वाटलं असेल. मी आज सशाच्या पोटावर बोलणार आहे. आपल्याकडं लेकरांच्या हट्टापायी घरात ससे येतात. ससा बाजारातून येतो, त्याच्या पोटाची माहिती मात्र सोबत येत नाही. मग एक दिवस फोन येतो, "काल चांगला खेळत होता, सकाळी बघितला तर गेलेला." फार वेळा ऐकलंय मी हे. बहुतेक वेळा त्या सशाचं पोट आदल्या दिवशीच थांबलेलं असतं, आणि ते पिंजऱ्याखाली दिसतही असतं. पण आपण सकाळी उठून आधी केर काढतो.

गाईचं दुखणं तुम्हाला माझ्याआधी कळतं. तिनं वैरण सोडली, रवंथ करीनाशी झाली, डावी कूस फुगली की तुम्ही धावपळ करता. ससा तसं कळू देत नाही. तो सगळ्यांची शिकार असलेला प्राणी. दुखणं दाखवलं तर जीव जातो, हे त्याच्या रक्तात आहे. कोपऱ्यात अंग चोरून बसतो, कधी बारीक दात खातो, एवढंच.

आता त्याचं पोट कसं चालतं ते गाईवरून सांगतो. गाईचा चारा पुढं कोटीपोटात आंबतो आणि ती तो परत तोंडात आणून चघळते. सशाचा चारा मागं, अंधनालात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या पिशवीत आंबतो. जाड काडीकचरा तेवढा आतडं बाजूला काढतं. त्याची कोरडी, गोल लेंडी होते. बारीक सत्त्व अंधनालात आंबून मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारखी दुसरी लेंडी तयार होते. ती ससा पहाटेच्या सुमाराला थेट तोंडानं घेऊन गिळतो. पुष्कळ घरांत हे बघून त्याला हाकलतात, घाण खातोय म्हणतात. हाकलू नका. त्याची जीवनसत्त्वं आणि प्रथिनं त्यात असतात.

धडधाकट ससा दिवसाला साधारण २०० ते ३०० कोरड्या लेंड्या टाकतो. एक बोटानं चुरगळून बघा, आत गवताचा भुसा दिसला पाहिजे. लेंडी बारीक, काळी, टणक व्हायला लागली, तर पोट मंदावतंय. मऊ घोस न खाता तसेच पडून राहिले, तर खाणं जड होतंय, किंवा ससा इतका लठ्ठ झालाय की त्याचं तोंड मागं पोचत नाही. लहान पिल्लाला पाण्यासारखी हगवण लागली, तर थांबूच नका. आणि १२ तास खाणं नाही, लेंडी नाही, म्हणजे त्याच्या जिवावर बेतलंय. सकाळपर्यंत वाट बघायची नाही.

चित्रातल्या सशाच्या हातात गाजर असतं, त्यानं फार नुकसान केलंय. गाजर गोड आहे, कधीतरी एक चकती पुरे. भाकरी, बिस्किट नकोच. आपल्या बागायती पट्ट्यात बांधावर लसूणघास हाताशी असतो, म्हणून तोच भारा टाकला जातो. पिल्लांना तो चालतो. मोठ्या सशाला त्यातला चुना आणि प्रथिनं जास्त होतात. त्याला हवं वाळलेलं गवत, दिवसरात्र समोर. त्याचे दात जन्मभर वाढतात. ते झिजायलाही गवतच लागतं.

आणि ऊन. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, सशाला तिशीच सोसत नाही. पाणी कमी प्यायला की आतड्यातलं सुकतं आणि तिथंच अडतं. पत्र्याखाली पिंजरा ठेवू नका. जड वाडग्यात पाणी ठेवा, बसायला ओली फरशी द्या. भीतीनंही त्याचं पोट थांबतं. माउलींच्या पालखीचा मुक्काम असतो त्या दिवशी आपला आनंद मोठा, पण स्पीकर आणि गर्दीपासून पिंजरा आतल्या खोलीत हलवा.

घरगुती उपाय म्हणून तेल पाजू नका. सशाला उलटी होत नाही, आणि जबरदस्तीनं पाजलेलं फुप्फुसात जाऊ शकतं. पोट ढोलासारखं ताठ असेल तर चाराही भरवू नका. माणसांची औषधं तर नकोतच. अमॉक्सिसिलीनसारखं प्रतिजैविक तोंडावाटे गेलं तर अंधनालातले उपयोगी जंतू मरतात आणि पाठोपाठ ससाही. जवळ गुरांचा डॉक्टर नसेल तर १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा.

मागं एक पाचवीतली मुलगी आज्जीबरोबर आली होती. साडीच्या खोक्यात ससा आणि मुठीत वहीच्या कागदाची पुडी. पुडी उघडून म्हणाली, "डॉक्टर, आज ह्यानं एवढ्याच टाकल्यात." सात लेंड्या होत्या, मिऱ्याएवढ्या. आज्जी संकोचली, "असलं काय आणतीस गं." मी ती पुडी हातात घेतली आणि लगेच उपचार सुरू केले: सलाईन, दुखणं कमी करणारं इंजेक्शन, पोटाला ऊब. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा पुडी घेऊन आली. या वेळी लेंड्या हरभऱ्याएवढ्या, पिवळट. त्यातल्या चार एका केसात माळेसारख्या ओवलेल्या होत्या. तिनं विचारलं, "रोज विंचरला तर केस पोटात कमी जातील का?" तेव्हापासून आज्जी सकाळी झाडू हातात घेऊन दारात थांबते, आणि नात आधी पिंजऱ्याखाली वाकते.