मिशीवाला पाहुणा

विजयदुर्गच्या बंदरावर मासळी उतरली की शिंगाळा ओळखायला पुस्तक लागत नाही. तोंडाला मिश्या, अंगावर खवला नाही, आणि परांना असा काटा की हात जपूनच घालावा! गोड्या पाण्यातली शिंगी आणि मागूर यांनाही मिश्या आहेत. शास्त्रज्ञांनी या साऱ्यांना एकाच गणात घातले आहे. पण गण एक असला तरी कुळे वेगळी, आणि कुळाकुळाची रीत वेगळी. शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात धरून सांभाळतो. शिंगी-मागुराचे तसे नाही.

या गणाचा एक दूरचा भाऊबंद दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नदीत राहतो. आपल्याकडे त्याला ‘सकर मासा’ म्हणतात. काचेच्या टाकीतले शेवाळ खातो म्हणून लोक तो हौसेने आणतात. मग तो वाढत वाढत दीड फुटाच्या घरात जातो, टाकीत मावेनासा होतो, आणि कोणीतरी त्याला गुपचूप नदीत सोडतो. भीमेवरच्या उजनी जलाशयात तो असाच जाळ्यात आला आहे.

याच्या अंगावर हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत असते. तोंड खाली, दगडाला चिकटणारे. १८५५ साली कास्तेल्नो या फ्रेंच अभ्यासकाने यातल्या एका जातीला ‘पार्डालिस’ हे नाव दिले. पोटावर ठिपके, ही तिची खूण. १९९१ साली वेबर यांनी दुसरी जात वेगळी काढली. तिच्या पोटावर नागमोडी रेघा. पुढे दोघींची प्रजातीही बदलली; आज ती ‘टेरिगोप्लिक्थिस’ आहे. परदेशी पाण्यात गेलेल्या माशांत मात्र ठिपके आणि रेघा यांची सरमिसळ दिसते, तेव्हा तज्ज्ञही बुचकळ्यात पडतात.

तुम्ही म्हणाल, नावाशी आम्हांला काय करायचे? अहो, नाव कळले म्हणजे स्वभाव कळतो. हा मासा काठाला बिळे पाडतो, त्याने काठ ढासळतो. त्याच्या चिलखताने जाळी फाटते. पाण्यात प्राणवायू कमी झाला तर वर येऊन हवा गिळतो. निमखारे पाणीही तो काही प्रमाणात सोसतो. म्हणजे वाघोटनच्या खाडीच्या वरच्या अंगाला आपण निर्धास्त राहावे असे नाही.

गुरुजी, एकदा मुलांना बंदरावर न्या. मिश्या, खवले, परांचे काटे त्यांना स्वतः पाहू द्या. चिलखतवाला मासा सापडलाच, तर तो परत पाण्यात सोडू नका. मत्स्यव्यवसाय खात्याच्या कचेरीत दाखवा. आणि घरच्या टाकीतला मासा विहिरीत, ओढ्यात कधीही सोडू नका. पाहुणा एकदा घरात शिरला की त्याला बाहेर काढणे फार अवघड असते.