ज्योतीतून उतरलेली उजेडाची पूड

सातवाहनांच्या काळापासून नाणेघाटाच्या वाटेने व्यापाराचा माल चढला-उतरला. आज घाटाच्या पायथ्याशी, वैशाखऱ्याच्या या परिषदेत आलेला माल म्हणजे उजेडाची पूड, ज्योत-फवाऱ्याने घडवलेले फॉस्फरचे, म्हणजे ऊर्जा शोषून उजेड देणाऱ्या पदार्थाचे, कण. अतिसूक्ष्म कण देणारी म्हणून या रीतीचा बोलबाला आहे. माझ्या मते तिचे मोल बारीकपणात नाही, दळण टळण्यात आहे.

दिव्याच्या ज्योतीवर ताटली धरून काजळ पाडणाऱ्या घरांना यातले तत्त्व परके वाटू नये. इथे तुपाऐवजी यिट्रियम आणि युरोपियमची संयुगे विरघळवलेला ज्वलनशील द्राव असतो. ऑक्सिजनच्या झोताने त्याचे तुषार उडतात, पेटतात आणि क्षणार्धात घडलेली पांढरी पूड वरच्या गाळणीवर धरते. अतिनील किरणांखाली ती तांबडी उजळते. ट्यूबलाइटमधला 611 नॅनोमीटरचा लाल प्रकाश तो हाच. भट्टीच्या जुन्या रीतीत मिश्रण तासन्‌तास तापवून त्याचे ढेकूळ होते, ते दळावे लागते आणि दळताना कणांचा पृष्ठभाग दुखावून उजेड घटतो. ज्योतीच्या रीतीत युरोपियम आधीच द्रावात एकजीव झालेले असते आणि पूड पूड म्हणूनच उतरते, म्हणून दळण टळते.

कोणी म्हणेल, नागपूर विद्यापीठात मोहरील आणि ढोबळे यांच्या गटांनी युरियासारखे इंधन मिसळून, साध्या भट्टीत कितीतरी फॉस्फर बनवले. मग हा खर्चिक फवारा कशाला? प्रयोगशाळेपुरते ते रास्तच आहे. पण ती रीत एकेक घाणा काढत चालते, ज्योत मात्र अखंड. याचा दाखला म्हणजे कारखान्यांतली फ्यूम्ड सिलिका: सिलिकेची ही अतिबारीक पूड ज्योतीतच तयार होते. दुसरा आक्षेप जड आहे. कण झटकन थिजल्याने यिट्रियम ऑक्साइडला पुष्कळदा हवी ती घनीय रचना लाभत नाही, शिवाय बारीक कणाचा पृष्ठभाग उजेड गिळतो. पुन्हा तापवावे तर रचना सुधारते, पण कण एकमेकांना चिकटतात. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या किरणोत्सार-मापक बिल्ल्यांत डिस्प्रोसियमयुक्त कॅल्शियम सल्फेट हा फॉस्फर असतो. त्याचेही दाणे फार बारीक झाले तर संवेदनक्षमता उतरते. हा आक्षेप मला मान्य आहे, म्हणूनच बारीकपणाची फुशारकी नको.

तेव्हा निबंध वाचणाऱ्यांना एकच विनंती: कणांचा आकार जरूर सांगा, पण फेरतापानंतर उजेड किती उरला आणि ग्रॅमभर पुडीला इंधन किती जळले, हे दोन आकडे त्याच तक्त्यात द्या.