'फिट' हें विशेषण

इंग्रजी 'फिट' हें विशेषण आपल्या घरांत रुळलें खरें, पण अर्ध्याच अर्थानें. सदरा अंगास 'फिट' बसतो. तालमींतला गडी 'फिट', म्हणजे धडधाकट असतो. इंग्रजींत त्याचा आणखी एक अर्थ आहे : लायक, पात्र. सदऱ्याची परीक्षा अंग करतें. लायकी मात्र दुसराच कोणी ठरवितो.

महाडजवळील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ सालीं पलटणींतून निवृत्त झाले. महाड-पोलादपूरच्या मुलखांतील महार घराण्यांत लष्करी पेशा जुनाच. पण पुढें थोड्याच वर्षांत सरकारनें महारांची भरती बंद केली. छाती भरत होती, उंची पुरत होती; 'लढाऊ जमातीं'त मात्र त्यांची गणना होईना. शरीरानें 'फिट', जन्मानें 'अनफिट'! वलंगकरांनीं १८९४ सालीं याविरुद्ध अर्जाचा मसुदा केला.

गंमत पुढेंच आहे. तिला गंमत म्हणावें काय, तें आपणच ठरवा. महायुद्धांत माणसें हवीं झालीं, तेव्हां १९१७ सालीं हेच महार लायक ठरले, आणि १९२१ सालीं ती पलटण मोडली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ सालीं, बेळगांवास. तेव्हांही महायुद्धच चालू होतें.