तासाभराचा धूर

विडी पाच मिनिटांत संपते, सिगारेटही जवळपास तेवढ्यातच. चांगला क्युबन सिगार मात्र तासभर चालतो. खरे म्हणजे तो तासभर चालवावा लागतो. मिनिटाला एक झुरका, त्याहून जास्त नाही. घाई केली की आतला तंबाखू तापतो, धूर कडू होतो आणि ओढणाऱ्याला घेरी येते. हा धूर छातीत घ्यायचाही नसतो. तोंडात खेळवायचा आणि सोडून द्यायचा. सगळी गंमत जिभेची आणि नाकाची.

मी तीस वर्षे व्यापारी जहाजांवर इंजिनीअर होतो. १९९९ साली आमचे जहाज तांदूळ उतरवायला हवानाच्या बंदराला लागले आणि काम रेंगाळले. त्या मुक्कामात कॅपिटोलिओ या भव्य इमारतीच्या मागचा पार्तागासचा सिगार कारखाना मी पाहिला. पार्तागास हे नाव १८४५ सालापासूनचे. पुढे कारखाना त्या जागेतून हलला, पण तेव्हा तिथेच जोरात चालू होता. खालच्या दुकानातून मी एक सिगार घेतला : सेरी डी, नंबर चार. पाच इंच लांब, अंगठ्याएवढा जाड, कमरेला लाल कागदी पट्टा.

संध्याकाळी तो घेऊन एका जुन्या घराच्या आतल्या चौकात बसलो. समुद्रकाठचा मालेकोन रस्ता देखणा खरा, पण तिथे वारा असतो आणि वाऱ्यात सिगार एकाच बाजूने जळत जातो. सिगारचे तोंडाकडचे टोक बंद असते. त्यावर पानाचीच छोटीशी टोपी चिकटवलेली असते. ती धारदार पात्याने नखभरच कापायची, नाहीतर वरचे पान उलगडू लागते. पेटवायला पेट्रोलचा लायटर नको, त्याचा वास धुरात उतरतो. लाकडी काडी बरी, किंवा सीडरच्या लाकडाची पातळ पट्टी. ज्योत लावायची नाही. थोडी दूर धरून, पापड शेकावा तसे टोक फिरवत फिरवत शेकायचे. कडेने सारखा निखारा धरला की मग पहिला झुरका.

पहिला तिसरा हिस्सा सौम्य असतो. वाळलेले गवत, ओली माती, पुढे भाजलेल्या कॉफीची आठवण. राख झटकायची नाही. सिगार अख्ख्या लांब पानांचा असेल तर इंचभर राख तशीच उभी राहते. तिच्याकडे बघत बसणे हाही त्या तासाचा भागच.

ही चव येते क्युबाच्या पश्चिमेकडच्या पिनार देल रिओ प्रांतातून. तिथला वुएल्ता आबाहो हा तांबड्या मातीचा टापू तंबाखूसाठी जगात नावाजलेला. एकाच झाडाची खालची, मधली आणि वरची पाने वेगवेगळी खुडतात, तीही हाताने आणि टप्प्याटप्प्याने. खालचे पान चांगले जळते, मधले सुवास देते, वरचे उन्हात तापलेले पान ताकद देते. सिगारच्या पोटात तिन्ही ठरावीक मापाने घालतात. ज्या पानात सिगार शेवटी गुंडाळायचा, त्याला मात्र ऊन सोसवत नाही. म्हणून त्या शेतांवर पांढरे विरळ कापड ताणून सावली करतात. मग पाने लाकडी वखारींत टांगून आठवडेच्या आठवडे वाळवायची, ढीग लावून आंबवायची आणि मुरत ठेवायची. सप्टेंबर २०२२ मध्ये इयान चक्रीवादळाने याच प्रांतातल्या हजारो वखारी जमीनदोस्त केल्या. माझ्या हातातला तास असा कैक महिन्यांच्या, कधी वर्षांच्या कष्टांवर उभा होता.

मधल्या हिश्शाला धूर दाट होतो, चव स्थिरावते आणि माणूस आपोआप गप्प होतो. मला सकाळी पाहिलेला कारखाना आठवत राहिला. शाळेतल्यासारख्या ओळीने मांडलेल्या बाकांवर बायका आणि पुरुष सिगार वळत होते. यंत्र नाही, साचे लाकडी, हत्यार एकच : चावेता नावाचे अर्धचंद्राकृती पाते. तरबेज कारागीर दिवसाला शंभरेक सिगार वळतो. आणि समोर उंच ओट्यावर एक बाई बसून मोठ्याने वाचत होत्या. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी.

ही प्रथा १८६५ साली हवानाच्या एल फिगारो या कारखान्यात सुरू झाली. वाचणाऱ्याचा पगार मालक देत नसत. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढत आणि काय वाचायचे तेही तेच ठरवत. ऐकता ऐकता कामगार विचार करू लागतील, या भीतीने पुढच्याच वर्षी स्पॅनिश सत्तेने या वाचनावर बंदी घातली. बंदी टिकली नाही, वाचन टिकले. द्यूमाची माँटे क्रिस्टोची कादंबरी कामगारांची एवढी लाडकी, की १९३५ साली निघालेल्या एका सिगारला तेच नाव मिळाले, असे सांगतात. वाचन आवडले की कामगार पाते पाटावर आपटून दाद देतात. मी उभा होतो तेव्हा ती दाद ऐकली. पत्र्यावर पावसाची सर यावी तसा आवाज.

आपल्याकडेही केरळात कण्णूरच्या विडी कामगारांत अशी पद्धत होती. एकजण वाचायचा आणि त्याच्या वाट्याच्या विड्या इतरजण वळून द्यायचे.

पण मला आठवली ती सिन्नरची माझी आत्या. तीही विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून मऊ केलेली टेंभुर्णीची पाने. पत्र्याच्या मापाने पान कापायचे, चिमूटभर तंबाखू घालून वळायचे, तोंड मुडपायचे, दोरा बांधायचा. हिशेब हजारावर, खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. आत्याला वाचता येत नव्हते आणि तिला वाचून दाखवणारे घरात कुणी नव्हते. पण समोरच्या फळीवर एक ट्रान्झिस्टर असायचा. बातम्या, कामगारसभा, नभोनाट्य, ती सगळे ऐकायची. नाटकातल्या बायकांबद्दल तर शेजारणींबद्दल बोलावे तशी बोलायची. हवानातला तो ओटा पाहिला आणि मला ती फळी दिसली.

शेवटचा तिसरा हिस्सा तिखट असतो. धूर गरम होतो, जीभ जड होते. दीड-दोन इंच उरले की थांबावे. इथेच एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. धूर छातीत घेत नाही म्हणून सिगार निर्धोक, हा समज खोटा आहे. सिग्मंड फ्रॉइड दिवसाला वीस-वीस सिगार ओढत. १९२३ साली त्यांच्या तोंडात कर्करोग निघाला, तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरी सिगार सुटला नाही आणि त्याच दुखण्यात १९३९ साली ते गेले. ज्यांच्या तोंडातला सिगार जगाला पाठ होता, त्या फिडेल कॅस्ट्रोंनीही १९८५ साली आरोग्यासाठी तो सोडला. तंबाखूने तोंडाची काय दशा होते, हे आपल्या महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. आत्याने आयुष्यात विडी ओठांना लावली नाही, पण तंबाखूची धूळ नाकातोंडात जाऊन खोकला मात्र जन्माचा लागला. उंची पंचवीस सिगारांच्या एका पेटीची किंमतही तो वळणाऱ्याच्या अनेक महिन्यांच्या पगाराएवढी असे. ओढणाऱ्याच्या निवांतपणाचा हिशेब मांडायचा तर हे सगळे त्यात धरावे लागते.

सिगार विझवायचा नसतो. चिरडला तर घाणेरडा वास सुटतो. राखदाणीच्या कडेला ठेवून द्यायचा, तो आपला आपण शांत होतो. मीही तसाच ठेवला आणि जहाजावर परतलो. त्यानंतर दोन-तीनच सिगार ओढले असतील आणि आता तेही नाही. त्या तासाची चव अजून आठवते, पण तिच्या आधी आठवतो तो ओट्यावरून वाचणाऱ्या बाईंचा आवाज.

आता हे ऐकत असताना तुमच्यापैकी कुणी पोळ्या लाटत असेल, कुणी शिवणाच्या यंत्रावर असेल, एखादी बाई मांडीवर सूप घेऊन बसली असेल. तुमचे हात चालू द्यावेत. वाचायचे काम आमचे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)