फुंकणी आणि करेझ

बीदरकडच्या भालकी-औरादच्या आयाबायांना फुंकायला शिकवावं लागत नाही. चुलीत तुराट्या घालून फुंकणीनं जाळ करण्यात त्यांची हयात गेली. दवाखान्यात स्पायरोमेट्रीची, म्हणजे श्वास मोजायची, नळी दिली की त्या हसतात. इथं मात्र छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात जोरानं सोडायचा. धुरानं श्वासनळ्या अरुंद झाल्या असतील, तर पहिल्या सेकंदाला बाहेर पडणारी हवा कमी भरते.

दिल्लीच्या डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९ साली १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसाच्या दुखण्यानं हृदयाची उजवी बाजू थकलेले हे रुग्ण. त्यांत बायका बऱ्याच निघाल्या, आणि संशय चुलीच्या धुरावर गेला.

पण कधीकधी बाई चार पायऱ्यांत धापा टाकते आणि फुंकण्याच्या चाचणीचा कागद जवळजवळ चांगला येतो. घरचे म्हणतात, वय झालं.

असं का होतं, ते करेझवरून समजेल. बीदरजवळ नौबादची करेझ आहे, बहमनी काळातली. वर ओळीनं कूपं, खाली पाण्याचा बोगदा. कूप मोकळं दिसलं, तरी खाली बोगदा बुजत आलेला असू शकतो. स्पायरोमेट्री कूपं, म्हणजे श्वासनळ्या, बघते. पल्मनरी हायपरटेन्शन हे बोगद्याचं, म्हणजे फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत दाब वाढण्याचं दुखणं. उपमा इथं जरा लंगडते: करेझचं पाणी उतारानं वाहतं, रक्त हृदयाला ढकलावं लागतं. ढकलून ढकलून उजवी बाजू दमते, पाय सुजतात. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो दाब हा नव्हे. तो १२०-८० असतानाही आतला वाढलेला असू शकतो. आतल्या दाबाची सरासरी २० मिलिमीटरच्या वर गेली की आजार धरतात. पूर्वी ही रेषा २५ होती.

रक्तवाहिन्यांचा अंदाज देणारी चाचणी वेगळी. किंचित कार्बन मोनॉक्साईड मिसळलेली हवा ओढून दहा सेकंद श्वास धरायचा. किती वायू रक्तात उतरला ते मोजतात. फुंकणं बरं आणि हा आकडा बराच खाली, तर संशय घ्यावा. अंगात रक्त कमी असलं तरी तो घसरतो, म्हणून हिमोग्लोबिनही बघायचं. आपल्याकडे रक्त कमी असणं नेहमीचं, तेव्हा बघायचंच.

मग सहा मिनिटं सपाट जागेवर चालवतात. किती मीटर झाले आणि बोटावरचा ऑक्सिजन किती उतरला, ते टिपतात. बाई अर्ध्यातच टेकली, तर ‘नीट फुंका’ म्हणून पुन्हा नळी पुढे करू नये. आधी हृदयाचा इको काढावा. पक्कं निदान करायचं असेल, तर शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूत बारीक नळी सरकवून आतला दाब थेट मोजतात.