भिंतीवरची अक्षरे आणि रुमालातले कागद

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



गावाचा इतिहास कोणी जपावा, हा आजच्या व्याख्यानाचा विषय. त्यासाठी उदाहरण मात्र दूरचे घेतले आहे. तंजावर हे कावेरीच्या खोऱ्यातले, भाताच्या शेतांनी वेढलेले शहर. तेथे १६७५ च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी भोसल्यांची गादी स्थापिली आणि १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारे एकशे ऐंशी वर्षे, ती तेथे नांदली. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकात या राज्याला फार तर दोन-चार ओळी मिळतात. परंतु स्वतःचा इतिहास नोंदवून ठेवण्याची जी धडपड या एका गावाने केली, तिच्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आणि त्या धडपडीत जे निसटले, त्यापासून त्याहूनही अधिक.

बृहदीश्वराच्या देवळापासून आरंभ करावा. चोळ सम्राट पहिला राजराज याने हे देऊळ बांधविले आणि १०१० साली ते पूर्ण झाले. त्याच्या भिंतींवर राजराजाने तमिळ लेख कोरविले. त्यांत सोन्याची भांडी, मोत्यांचे दागिने, दान दिलेली गावे हे सारे आहेच; पण निरनिराळ्या देवळांतून आणवून येथे वसविलेल्या चारशे नर्तकींची नावेही आहेत. कोणती कोठून आली, तिचे घर कोणत्या रस्त्याच्या कोणत्या बाजूस, तिला वर्षाकाठी भात किती, हे सगळे दगडावर लिहिले आहे. वादक, शिंपी, सोनार, हिशेबनीस यांचीही तेथे नोंद आहे. हजार वर्षांपूर्वीची ही जणू एका वस्तीची खानेसुमारीच!

आणि तरीही गाव हे विसरले. एकोणिसाव्या शतकात ‘हे देऊळ कोणी बांधले?’ असे विचारले तर स्थलपुराणातील भलत्याच चोळ राजाचे नाव सांगितले जाई. उत्तर भिंतीवर होते, लोक रोज त्या भिंतीवरून प्रदक्षिणा घालीत होते, पण ती जुनी लिपी वाचणारा उरला नव्हता. १८८६ मध्ये मद्रास सरकारच्या सेवेत आलेल्या हुल्ट्झ या जर्मन पुरालेखज्ञाने ते लेख पद्धतशीर वाचून प्रसिद्ध केले, तेव्हा राजराजाला त्याचे देऊळ परत मिळाले. दगडाइतके टिकाऊ साधन दुसरे नाही. पण वाचणारा नसेल तर दगडही मुका होतो.

त्याच देवळाच्या प्राकारात दुसरा एक प्रचंड लेख आहे, आणि तो मराठीत आहे. दुसऱ्या सरफोजीराजांच्या आज्ञेने बाबूराव चिटणिसांनी भोसले घराण्याचा वृत्तांत रचिला आणि १८०३ साली तो देवनागरी अक्षरांत भिंतीवर कोरला गेला. जगातील सर्वांत मोठ्या शिलालेखांपैकी एक, असे त्याचे वर्णन केले जाते. तमिळ देशातल्या चोळांच्या देवळात, सातारा-पुण्यापासून शेकडो कोसांवर, भिंतभर मराठी गद्य वाचताना मराठी प्रवाशाच्या अंगावर काटा येतो, यात नवल नाही.

मात्र त्या तारखेकडे नीट पाहावे. सरफोजी १७९८ मध्ये गादीवर बसले. १७९९ च्या तहाने त्यांचे राज्य ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. त्यांच्या हाती तंजावरचा किल्ला आणि त्याभोवतीचा थोडा परिसर एवढेच उरले. म्हणजे राज्य गेल्यानंतर अवघ्या चार वर्षांनी राजाने आपल्या कुळाचा इतिहास दगडावर उतरविला. ज्याच्या हातून वर्तमान सुटले, त्याने भूतकाळ घट्ट धरला, असेच म्हणावे लागेल. हा लेख इतिहास म्हणून वाचताना सावध राहावे लागते, हेही खरे. वंशावळ पुराणकाळापर्यंत मागे नेलेली आहे, आणि कित्येक सनावळ्या व प्रसंग इतर साधनांशी जुळत नाहीत, हे अभ्यासकांनी दाखविले आहे. शिवाय राजराजाच्या लेखात नर्तकी आणि शिंपी आहेत. चिटणिसांच्या लेखाचा विषयच राजकुळ असल्यामुळे सामान्य माणसाला त्यात फारसे स्थान नाही.

सामान्य माणूस सापडतो तो दुसरीकडे, मोडी कागदांत.

तंजावरच्या राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायक राजांच्या काळापासूनचा हा ग्रंथसंग्रह सरफोजीराजांनी आपल्या हौसेने आणि पदरच्या पैशाने इतका वाढविला की आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १८२० ते १८२२ या काळात ते काशीयात्रेला गेले, तेव्हाही त्यांनी पोथ्या मिळविण्याचे काम सोडले नाही. ताडपत्रांवर व कागदावर मिळून हजारो हस्तलिखिते तेथे आहेत, त्यांत मराठी हस्तलिखिते तीन हजारांच्या वर. शहाजीराजांच्या काळातील मराठी नाटके तेथेच सांभाळली गेली. ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे त्यांपैकी एक. मराठी रंगभूमीचा आरंभ सांगलीत १८४३ साली झाला असे शिकविताना, त्याच्या आधी दीडशे वर्षे तंजावरात मराठी नाटके लिहिली जात होती, हे एक वाक्य शिक्षकांनी जोडावयास हरकत नाही.

याखेरीज तेथे राजदफ्तराचे मोडी कागद आहेत, हजाराहून अधिक रुमाल. वाड्यातील खर्च, अन्नछत्रांचे हिशेब, नेमणुका, इनामे, गवई-नर्तकींचे पगार, मुदपाकखान्याचे सामान, अशा रोजच्या व्यवहाराचे हे कागद. यात्रेकरूंसाठी बांधलेली छत्रे तर तंजावरच्या राजांचे भूषणच होते. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्रात नुसते जेवण मिळत नसे; तेथे आजाऱ्यांना औषध आणि मुलांना शिक्षण मिळे. धन्वंतरी महालात रोग्यांवर होणाऱ्या उपचारांच्या नोंदी ठेवल्या जात, आणि नेत्ररोग्यांच्या नोंदींबरोबर त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रेही काढलेली आहेत. ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ नावाचे स्वयंपाकाचे हस्तलिखितही आहे. सांबार या पदार्थाची तंजावरशी जोडलेली कथा सर्वांनी ऐकलेली असते. ती दंतकथा म्हणून चवीने ऐकावी. पण दंतकथा फिरत राहते आणि खरे पाकशास्त्र रुमालात पडून राहते, याला काय म्हणावे?

या दफ्तराचे दुर्दैव असे की लिहिणाऱ्यांच्या वंशजांनाही ते वाचता येईना. तंजावरात राहिलेल्या मराठी कुटुंबांनी घरात मराठी राखली. ती तमिळच्या शेजारात वाढलेली, जुने शब्द सांभाळणारी, पुण्याच्या कानाला प्रथम अनोळखी वाटणारी मराठी आहे. सर टी. माधवरावांसारखा त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचा दिवाण याच समाजातला, कुंभकोणमचा. परंतु शाळेची भाषा तमिळ किंवा इंग्रजी. मराठी उरली ती बोलण्यापुरती. घरी ‘डांगर पच्चडी’ मागणाऱ्या मुलाला पणजोबांचे पत्र वाचता येत नाही. येथे महाराष्ट्रातील श्रोत्यांनी हसण्याचे कारण नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातील शाळांत मोडी शिकविली जात होती. आज या सभागृहात मोडीचे एक पान सलग वाचू शकणारे किती जण असतील? तंजावरच्या मोडी कागदांतील काही भागाचे तमिळ भाषांतर तेथील तमिळ विद्यापीठाने प्रसिद्ध केले. मराठ्यांचे कागद तमिळ वाचकाला आधी वाचायला मिळाले, ही तमिळ अभ्यासकांच्या कौतुकाची गोष्ट आहे आणि मराठी वाचकांना थोडी खजील करणारीही.

हे ग्रंथालय वाचले कसे, हेही पाहण्यासारखे आहे. १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी पुत्रहीन वारले. पुढच्याच वर्षी कंपनीने वाड्यातील मालमत्ता ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी न्यायालयात दाद मागितली. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, आणि ‘ही राजसत्तेची कृती आहे, न्यायालयाला तिच्यात अधिकार नाही’ असा निर्णय १८५९ मध्ये झाला. पुढे खाजगी मालमत्ता सरकारने परत केली खरी. पण अशा धामधुमीत पोथ्यांची काळजी कोणाला? १८७० नंतरच्या दशकात तेथे न्यायाधीश असलेल्या बर्नेल यांनी संस्कृत पोथ्यांची सूची तयार केली आणि वाड्यात काय आहे ते जगाला कळले. १९१८ मध्ये ग्रंथालय सार्वजनिक झाले. त्यानंतर लांडगे, कागलकर, पतंग अवधूत अशा स्थानिक घराण्यांनी व मठांनी जपलेले संग्रहही तेथे आले. राजाच्या संग्रहाला गावाच्या संग्रहांची जोड मिळाली, आणि माळ्यावरच्या पोथ्या कपाटात आल्या.

सरफोजीराजांना एक गोष्ट उमगली होती: नुसते साठवून भागत नाही, मुलांच्या हाती द्यावे लागते. त्यांनी शाळा काढल्या, देवनागरी छापखाना घातला आणि तेथे इसापनीतीच्या गोष्टींचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक १८०६ साली छापले गेले. मुंबई इलाख्यातील मुलांसाठी मराठी पुस्तके छापण्याचे काम सुरू झाले, ते यानंतर बऱ्याच वर्षांनी. ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचे मराठी नाटकही त्यांच्या नावावर आहे. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगत फिरणारी डोंगरी बाई. तमिळ रंगभूमीवर ती नायिकेचा हात पाहते. राजांच्या नाटकात ती जगाचा भूगोल सांगते! भूगोलाच्या शिक्षकांनी हेवा करावा अशी ही युक्ती आहे.

आता घराकडे वळावे. ज्या गावात राजवाडा नव्हता, त्या गावाला दफ्तर नाही असे होत नाही. जुनी खरेदीखते, पीकपाण्याचे उतारे, देवस्थानच्या जमाखर्चाच्या वह्या, लग्नपत्रिका, भजनी मंडळाची बाडे, मुंबईहून गिरणीकामगार बापाने धाडलेली पोस्टकार्डे, हे सारे कोणाच्या ना कोणाच्या ट्रंकेत असते, आणि घराची डागडुजी निघाली की प्रथम तेच रद्दीत जाते. पालकांना एवढीच विनंती की दिवाळीच्या साफसफाईआधी ती ट्रंक एकदा मुलांसमोर उघडावी. फोटोच्या मागे माणसांची नावे पेन्सिलीने लिहावीत. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांत तिचा डिंक कागदच खातो. मोडी कागद ‘वाचता येत नाही’ म्हणून टाकू नये. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून हे काम करीत आले आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्याकडे चांगला कॅमेरा वा स्कॅनर आहे, त्यांनी सुटीतले दोन दिवस आपल्या आळीला द्यावेत. मूळ कागद घरमालकाकडेच राहू द्यावा, प्रत मात्र शाळेच्या ग्रंथालयात यावी.

शाळेचे स्वतःचे दफ्तरही आहेच. साठ वर्षांची जनरल रजिस्टरे कार्यालयातील लोखंडी कपाटात आहेत. दाखला काढण्यापलीकडे ती कोणी उघडीत नाही. जन्मस्थळाच्या रकान्यावरून कोणत्या वर्षी कोठून कोठून कुटुंबे या गावात आली, ते कळेल. पूर्वीच्या शाळेचे नाव, दाखल झाल्याची तारीख, वर्तणूक, शेरा असे रकाने पुढे पुढे जातात. त्यांपैकी एका रकान्याचे शीर्षक आहे ‘शाळा सोडल्याचे कारण’. इयत्ता नववीच्या मुलांनी यंदा इतिहासाच्या प्रकल्पासाठी, नावे झाकून, तेवढा एक रकाना पहिल्या वर्षापासून उतरवून काढावा.